रोज्यातली साबणाची चव

साबण कोणी वासावरून ओळखतं, कोणी फेसावरून. कारंज्याचा जमशेद साबणवाला तो जिभेवरून ओळखायचा. दिवसभर साबण चाटून या माणसाच्या तोंडाला चव कशी राहिली असेल, असं नव्या गिऱ्हाइकाला वाटे. पण घरात भाजीला मीठ कमी पडलं तर पहिला हाच ओरडायचा, आणि त्याची बायको हलिमा म्हणायची की साबणाने तुमची जीभ धुतली तेवढी पुरे, आता ती जरा आवरा.

चाटण्याला कारण होतं. खोबरेल कोमट करायचं, कॉस्टिक, म्हणजे जहाल खार, पाण्यात विरघळवून निवू द्यायचं आणि ते धारेने तेलात सोडत लाकडी उलथण्याने ढवळत बसायचं. दाट झालं की पेटीत ओतायचं. सकाळी ओतलेला खोबरेलाचा साबण दुपारी तारेने कापायला येतो. संध्याकाळपर्यंत राहिला तर दगड होतो, तार लावली की वडीचे तुकडे पडतात. म्हणून कापण्याआधी, तो अजून मऊ असतानाच, कोपऱ्याची एक पातळ चपटी कापून जिभेला लावायची. जीभ चावली तर कॉस्टिक जास्त झालं, सगळा घाणा पुन्हा कढईत घालून तेल वाढवायचं. नाही चावली तर ठीक. हे बापाने शिकवलं होतं, आणि बापानेच सागाच्या लाकडात नारळ कोरून एक ठसा करून ठेवला होता. निव्वळ खोबरेलाच्या वडीवरच तो मारायचा, दुसऱ्या कशावर नाही.

त्या ठशाला गावात मान होता. मोहल्ल्यातल्या विहिरीचं पाणी इतकं जड की त्यात डाळ शिजायची नाही आणि बाजारचा साबण दह्यासारखा फाटायचा. जमशेदची वडी मात्र त्याच पाण्यात फसफसून फेस द्यायची. शिवाय त्यात चरबी नाही याची खात्री. म्हणून जैनांच्या घरांतून मागणी असे, आणि रामरावांची कस्तुराबाई देवाची वस्त्रंसुद्धा त्याच साबणाने धुवायची.

ही कस्तुराबाई म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणारी कास्तकाराची बायको. धिप्पाड, मोठ्या आवाजाची. जमशेद तिला काकी म्हणायचा. साबण चाखण्यात अडचण होती ती रमजानची. रोज्यात जिभेला काही लावायचं नाही, हा जमशेदच्या बापाचा नेम. चाखून थुंकलं तर रोजा तुटत नाही, असं मौलवीसाहेबांनी एकदा सांगितलंही होतं, पण थुंकीचा काय भरवसा, असं म्हणून बाप महिनाभर काम बंद ठेवायचा. बाप गेल्यावरच्या पहिल्या रमजानात ईदेसाठी साबण करायला घेतलेला जमशेद हातात चपटी धरून नुसता तिच्याकडे बघत बसला होता. हलिमाही रोज्याची. तेवढ्यात वडी घ्यायला काकी आली.

"काय पाहून राह्यला रे तिच्याकडं?"

त्याने अडचण सांगितली. काकीने चपटी त्याच्या हातातून घेतली, जिभेला लावली, अंगणात थुंकली, चूळ भरली आणि म्हणाली, "गोड हाय. काप."

गल्लीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. मुसलमानाच्या घरचं तोंडाला लावलं म्हणून कोणी बोललंही. काकीने त्यांना उडवून लावलं. "साबन खाल्ल्यानं कोनाची जात गेली व? उलट तोंड साफ झालं माहं!" तेव्हापासून अकरा रमजान काकीच जमशेदची जीभ झाली होती. घाणा उतरला की हलिमा हाक मारायची, काकी यायची, चाखायची. तिने "गोड हाय, काप" म्हटल्याशिवाय तार हलायची नाही.

पंचेचाळीस साली लढाईने खोबरेल दिसेनासं केलं. पूर्वी छोट्या रेल्वेने डबे यायचे, ते आता महिने महिने यायचे नाहीत. रमजान सुरू झाला आणि तिसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, एक डबा आला. तोही पुरता भरलेला नव्हता. तेवढ्या तेलात ईदेपुरत्या वड्या निघाल्या नसत्या. कारंज्यात सरकीच्या तेलाला मात्र तोटा नव्हता. जमशेदने रात्रभर विचार केला. सरकीही झाडाचीच, तिच्यात हराम काय? कोणाला कळणार? सकाळी त्याने तीन भाग खोबरेलात एक भाग सरकीचं तेल घातलं. सरकीच्या तेलाला कॉस्टिक कमी लागतं एवढं त्याला ठाऊक होतं, पण किती कमी ते ठाऊक नव्हतं. अंदाजाने घातलं. हलिमा बाजूला उभी राहून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "काकी को बता देना." त्याने मान हलवली, पण कबूल केल्यासारखी नव्हे.

दुपारी पेटी उघडली. काकी आली आणि ओट्यावर बसता बसता तिने कपाळावर हात मारला.

"अगं बाई! आज सोमवार. श्रावणातला सोमवार धरला म्या!"

अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. रमजान दरसाल थोडा थोडा अलीकडे सरकत थेट श्रावणात येऊन बसला होता. आता एका अंगणात तीन माणसं उपाशी आणि साबण मऊ. जमशेदने पेटीत बोट टेकवून साबण किती घट्ट झाला ते पाहिलं. काकी मात्र विचारात पडली होती आणि ती विचारात पडली की वाट काढल्याशिवाय उठत नसे.

"ऐक. खोबरं उपासाले चालते का नाही? चालते. मंग खोबरेल चालते. कॉस्टिक म्हंजे खारच. मीठ चालते, तं खार काहून नाही चालनार? आन इकडं."

हलिमा हसली. जमशेदला हसू आलं नाही. काकीने स्वतःच कोपऱ्याची चपटी काढली. त्याच्या डाव्या हातात ठसा होता, पुसून तयार ठेवलेला. काकीचा हात तोंडाशी गेला. काही बोलायचं नाही, एवढंच काय ते त्याला करायचं होतं. सरकी उपासाला चालत नाही; तिचा उपास मोडला असता आणि तिला जन्मात कळलं नसतं.

त्याने झटकन पुढे होऊन ती चपटी ओढून घेतली.

"काकी, नोका लावू. यात सरकी हाय."

"सरकी?"

"तेल पुरत नव्हतं."

काकीने त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. "अन हा ठसा? हा मारनार होता तू?"

"मारनार होतो," जमशेद म्हणाला. सकाळी हलिमापुढे मान हलवली होती, तेवढं खोटं पुरे झालं होतं. मग, साबण तर दगड व्हायला लागलेला, म्हणून त्याने चपटी आपल्याच जिभेवर ठेवली. जीभ चरकन भाजली. कॉस्टिक जास्त झालं होतं. काकीने चाखली असती तर उपासाबरोबर जीभही गेली असती.

त्याने थुंकून चूळ भरली आणि मान खाली घालून उभा राहिला.  काकी उठली, पायात वहाणा घातल्या आणि गेली. मोठ्या आवाजाची बाई मुकी झाली की किती लागतं, ते त्या दिवशी जमशेदला कळलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घाणा पुन्हा कढईत गेला, आणखी सरकी पडली. नव्या वड्यांवर ठसा मारला नाही. रोजा तुटला का नाही याचा निवाडा जमशेदने कोणाला विचारला नाही. तो संध्याकाळपर्यंत उपाशीच राहिला आणि ईदेनंतर एक रोजा भरून काढायचं त्याने मनाशी ठरवलं. दरसाल काकीकडून रोजा सोडायला केळी यायची. त्या संध्याकाळी आली नाहीत. दुसऱ्या दिवशीही आली नाहीत.

बिनठशाच्या वड्या त्याने बाजारात नेल्या. येईल त्याला आधीच सांगायचा, "यात सरकी हाय, फेस कमी येईन." काहींनी घेतल्या, काही पुढे गेले. दौलतराव नावाच्या गिऱ्हाइकाने विचारलंही, की अरे, न सांगता कोणाला कळलं असतं? जमशेद म्हणाला, "एकीले न सांगता चाखवनार होतो, म्हनून सगळ्यायले सांगून राह्यलो." हे बोलणं गावात फिरलं. गल्लीच्या टोकापर्यंत पोचलं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी, रोजे अजून चालू असताना, घाणा उतरला. दोन दिवसांपूर्वी खोबरेलाचा एक डबा आला होता, यावेळी पुरता भरलेला. जमशेदने थेंबभर दुसरं तेल घातलं नव्हतं. दुपारी त्याने हलिमाला हाक मारू दिली नाही. कोणत्या तोंडाने बोलवायचं? स्वतःच चाखावं म्हणून त्याने चपटी काढली, तर दारात काकी.

"घान्याचा वास आला," ती म्हणाली आणि नेहमीच्या जागी ओट्यावर बसली.

जमशेदची धांदल उडाली. त्याने रिकामा डबा उचलून आणला आणि तिच्यापुढे धरला. "काकी, पाहा, वास घ्या. निव्वळ खोबरेल हाय. हलिमाले विचारा..."

काकीने डब्याकडे पाहिलंच नाही. उपाशी पोटी, श्रावणातल्या सोमवारी, तिने हात पुढे केला. जमशेदने चपटी तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती जिभेला लावली, अंगणात थुंकली, पदराने तोंड पुसलं.

"गोड हाय," ती म्हणाली. "काप. अन ठसा कुठी हाय तुहा?"