आबांना काहीच माहीत नसे

आमच्या मेहरूणमधल्या शेजारच्या आबांइतका घट्ट तोंडाचा माणूस अख्ख्या खानदेशात सापडला नसता. लष्करातून परतल्यापासून "माले माहीत नही, भो" या एका वाक्यावर त्यांचा संसार चालला होता. पोस्टमनने पत्ता विचारला, माहीत नाही. समोर कोण राहतं, तेही माहीत नाही; आणि समोर राहायचा त्यांचा सख्खा भाऊ! जनगणनेचे मास्तर आले, तर आबा आतून कडी लावून बसले. आम्ही पोट धरून हसायचो.

हसू आटलं ते अक्काच्या, माझ्या बहिणीच्या, लग्नाच्या वेळी. अमळनेरच्या मंडळींना मुलगी पसंत पडली आणि मुलाचे काका रिवाजाप्रमाणे शेजारी चौकशीला गेले, ते नेमके आबांच्या ओट्यावर.

"मुलगी कशी आहे?"

"माले माहीत नही."

शेजारी असं म्हणतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे कोणीही समजेल. याआधी दोन स्थळं आबांच्या याच मौनापायी फिरली होती. काका चप्पल घालू लागले. आईचा चेहरा पांढरा पडला. मला असा संताप आला की मी कुंपणावरूनच ओरडलो, "आबा, अक्काच्या आयुष्याचा प्रश्न आहे हो! बोला ना!"

आबा उठून काकांच्या वाटेत उभे राहिले. मग ते काकांशी बोलले. एकाहत्तरच्या लढाईत ते वायरलेसवर होते. शत्रूचा एक पकडलेला हेर आपल्या लष्कराने फितवला होता आणि आबांनी लिहिलेल्या खोट्या बातम्या तो तिकडे पाठवी. त्या खऱ्या वाटाव्यात म्हणून आबा मनानेच खबरे रचत, कुठे न्हावी, कुठे स्टेशनमास्तर. एकदा शत्रूला गुंतवायला त्यांनी कळवलं, तुमच्याच अमुक गावातला लंगडा दूधवाला भारताला फितूर आहे. लढाई संपली तेव्हा ते गाव आपल्या ताब्यात आलं होतं; आबा तिथे गेले.

"तो माणूस मी मनमां बनाडेल व्हता, भो. पन तठे तो खरंच निंघना. त्याले धरीसन लई ग्यात."

मनाने रचलेला लंगडा दूधवाला त्या गावात खराच निघाला होता आणि आबांच्या शब्दावर शत्रूने त्याला धरून नेलं होतं. तेव्हापासून जित्या माणसाबद्दल शब्द काढायला त्यांची जीभ धजत नव्हती. काका चप्पल काढून पुन्हा बसले. मग आबा म्हणाले, "पोर चांगली शे. गुणी शे."

लग्न झालं. पण मी अमळनेरहून परतलो की आबा ओट्यावर उभे असत. "तू सोता तिले देखं ना?" मी हो, पाहिलं, मजेत आहे म्हटलं की ते माझा हात क्षणभर धरून ठेवत. एका खेपेला घाईत अक्काकडे जाणं जमलं नाही, तसं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी म्हातारा एसटीने अमळनेरला गेला. पुढे अक्कानेच सांगितलं, ती दारात गहू निवडत होती. तिने हाक मारली, पण आबा रस्ता ओलांडून आले नाहीत. पलीकडेच उभे राहून तिच्याकडे बघत ते रडत होते.