मास्तरीणबाईंचा चहा

त्या शनिवारी इंग्रजीच्या तासाला मास्तरीणबाईंनी स्वतः फळ्यावर लिहिलेलं उत्तर स्वतःच पुसलं.

शारजातल्या आमच्या शाळेत असं कुणी करत नसे. उत्तर फळ्यावर यायचं, आम्ही ते वहीत उतरवायचो आणि परीक्षेत तसंच्या तसं लिहायचो. नववीच्या सगळ्या तुकड्यांचं प्रत्येक गोष्टीबद्दलचं मत शब्दाशब्दाला एकच असे, आणि ते मत मास्तरीणबाईंनी काही वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं होतं. शाळेत त्या मॅडम होत्या. ‘मास्तरीणबाई’ हे त्यांच्या यजमानांनी ठेवलेलं नाव. ते इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपचे मॅनेजर होते, आणि त्यांच्यामुळे शारजातली सगळी मराठी घरं बाईंना त्याच नावाने ओळखत.

धड्यात एक चिनी गोष्ट होती. गावात दुष्काळ पडलेला. एकुलत्या विहिरीची किल्ली वेन नावाच्या राखणदाराकडे. एका विधवेने जमीनदाराला उलट उत्तर दिलं, म्हणून तिला पाणी द्यायचं नाही असा हुकूम होतो. वेन हुकूम पाळतो. शेवटी तिचं मूल तापाने फणफणलेलं पाहून तो कुलूप उघडतो. फळ्यावरचं उत्तर होतं : आजारी मुलाला पाहून वेनचं मन जागं होतं.

माझ्या शेजारी निशा बसायची, कोट्टायमची. तिने हात वर केला. “मॅम, दुसऱ्या पानावर वेनची बायको त्याच्यापुढे चहा ठेवते. तो पीत नाही, गार होऊ देतो. का?”

मास्तरीणबाईंनी पुस्तक उघडून ते पान उभ्यानेच वाचलं. मग म्हणाल्या, “बरोबर आहे तुझं. तो तेव्हाच जागा झाला होता. फक्त उठला नव्हता.” आणि त्यांनी डस्टर घेतलं.

मागून एकाने विचारलं, “मॅम, मग आता काय उतरवायचं?”

“तुला काय वाटतं ते.”

“म्हणजे किती ओळी?”

पुढच्याच चाचणीत तो प्रश्न आला. निशाने चहाबद्दल लिहिलं, आमच्या वर्गातल्या आणखी काहींनीही. मी वह्यांचा गठ्ठा ठेवायला स्टाफरूममध्ये गेले, तेव्हा सुपरवायझर सर त्यांच्या टेबलाशी उभे होते.

“मॅडम, आन्सर की में जो है उसी का मार्क दीजिए. बाकी झीरो. खलास.”

“सर, आन्सर की चुकीची आहे,” मास्तरीणबाई हिंदीत म्हणाल्या.

“अरे, की तो आप ही की है!”

“म्हणूनच तर छातीठोकपणे सांगतेय.”

सर हसले, पण थोडंच. आवाज खाली आणून हिंदीतच म्हणाले, “मार्चमध्ये काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय तुमचं. एका प्रश्नासाठी कशाला?” मास्तरीणबाईंनी लाल पेनचं टोपण काढलं आणि निशाला पूर्ण गुण दिले. सरांच्या समोर.

मार्चमध्ये काँट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. ते कळलं त्या संध्याकाळी मी आईबरोबर त्यांच्या रोला भागातल्या फ्लॅटवर गेले होते. आईने विचारलं, “वहिनी, सांभाळून घेता आलं नसतं का?”

“घेत होते की, इतकी वर्षं! ते उत्तर अपुरं आहे हे मला पहिल्या वर्षापासून दिसत होतं. माझाही चहा गारच होत होता.”

आतून यजमान म्हणाले, “मास्तरीणबाई, आता दुसरी शाळा बघा.”

“बघू, इन्शाल्ला. तुम्ही आधी कप उचला, गार होतोय.”

दुसरी शाळा मिळाली नाही. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत फोन जायला असा किती वेळ लागतो? मग मास्तरीणबाई दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळी घरीच शिकवू लागल्या. आम्ही चटईवर बसायचो, निशाही यायची. कोणतीही गोष्ट वाचून झाली की त्यांचा प्रश्न ठरलेला : “ह्यात चहा कुठे गार झाला?” शेवटच्या पानावर बोट ठेवलं की त्या मान हलवायच्या. “तिथे तो उठला. जागा कुठे झाला ते शोध. मागे जा.” चुकीच्या उत्तराला त्या कधी रागावल्या नाहीत. पाठ केलेल्या उत्तराला मात्र लगेच ओळखायच्या : “हे तुझं नाही. ज्याचं आहे त्याला देऊन ये.”

यजमान निवृत्त झाल्यावर ती दोघं सांगलीला गेली. मागच्या महिन्यात काकांचा, म्हणजे त्यांच्या यजमानांचा, फोन आला. मास्तरीणबाई सकाळी वाचत बसल्या होत्या, तशाच गेल्या. “चहा प्यायला होता बरं का,” काका म्हणाले.

ती गोष्ट आता अभ्यासक्रमात नाही. मी खलिफा सिटीत राहते आणि अबुधाबीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. मुलं विचारतात, “मॅम, व्हॉट डू वी राइट?” मी फळ्यावर प्रश्न लिहिते. उत्तर लिहीत नाही.