हरणांनो, हलू नका

हरणं पळाली ती एक्स-रेवाल्यांच्या तोंडामुळे, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. न करून सांगतात कुणाला? त्या माळावर बोलता येणारं दुसरं कुणी नव्हतंच.

उजाडायच्या आधीपासून ते एकटेच कॅमेरा घेऊन झुडपाआड पालथे पडले होते. कोपरांना खडे टोचत होते, पायांना मुंग्या आल्या होत्या आणि सदऱ्यात शिरलेल्या खऱ्या मुंग्या त्या वेगळ्याच. शेवटी कळपातला थोरला नर झाडीतून बाहेर आला, शिंगं सावरत उभा राहिला आणि मान वळवून त्यानं थेट भिंगात पाहिलं. इतकं सरळ लोक लग्नाच्या फोटोतसुद्धा बघत नाहीत. एक्स-रेवाल्यांनी कॅमेऱ्याच्या कळीवर बोट टेकवलं आणि उभ्या नोकरीच्या सवयीनं खणखणीत आवाजात सांगितलं, "श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका."

हरणांनी श्वास घेतला असेलही. बाकीच्या सूचना त्यांनी पाळल्या नाहीत. फोटोत आली ती धूळ, आणि धुळीत उधळलेल्या शेपट्या.

ही पहिली चूक. दुसरी चूक अशी की ही हकीकत त्यांनी दवाखान्यात चहाच्या वेळी सांगितली. त्या दिवसापासून ते सगळ्यांचे 'हलूनका भाऊ' झाले. सिस्टर मंडळी तर ते जिन्यात दिसले तरी श्वास रोखून उभ्या राहायच्या, आणि भाऊ पुढे गेले की सोडायच्या.

भाऊंची खोली व्हरांड्याच्या टोकाला. खिडकी नाही. यंत्राला मानवतं म्हणून बारा महिने गारठा, दारावर लाल दिवा, खुंटीवर शिशाचे जड एप्रन. पेशंटला टेबलावर झोपवायचं, काचेच्या आड जायचं, ठरलेली तीन वाक्यं म्हणायची, कळ दाबायची. गावातल्या निम्म्या लोकांची हाडं त्यांच्या ओळखीची होती. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर चेहरा आठवायचा नाही, पण मनगट पाहिलं की विचारायचे, "आता थंडीत दुखतं का हो?"

अशा माणसाला हरणांचं वेड कुठून लागलं, याचं उत्तर त्यांच्या बायकोकडे होतं. तिचं म्हणणं, आठवडाभर सगळे ह्यांचं ऐकतात, म्हणून रविवारी न ऐकणारं कुणीतरी लागतं. आणि त्यासाठी माळावर जायची काही गरज नव्हती, घरी बसले असते तरी चाललं असतं.

बायको शिवणकाम करायची. बाहेरच्या खोलीत तिचं मशीन, कापायचं टेबल आणि तोंडात टाचण्या. दर रविवारी दुपारी भाऊ धुळीनं माखून परत यायचे, फोटो दाखवायचे आणि ती टाचण्या काढून म्हणायची, "मागून मापं छान घेतलीत. पुढून कधी घेणार?"

हसण्यावारी चाललं होतं तोवर ठीक होतं. पण भाऊंना तो फोटो खरोखरच हवा होता, आणि तो कशासाठी हे त्यांनी फारसं कुणाला सांगितलं नव्हतं. लहान मुलं एक्स-रेच्या टेबलावर स्थिर राहत नाहीत. खाली गार पाट, वर यंत्राचं अवजड डोकं, छताला बघावं तर पोपडे. मूल वळवळतं, फोटो हलतो, पुन्हा काढावा लागतो. आणि पुन्हा काढायचा म्हणजे त्या एवढ्याशा जिवावर पुन्हा किरणं सोडायची. ते 'पुन्हा एकदा हं बाळा' म्हणताना भाऊ मुलाच्या डोळ्यांत बघायचे नाहीत. वर छताला बघण्यासारखं काही असलं तर पोरं क्षणभर तरी थांबतील, आणि ते काही म्हणजे हरीण, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

दवाखान्याच्या मोठ्या मॅडमनी छताची कल्पना एका फटक्यात मान्य केली. हरणांची नाही केली. त्यांच्या हातात कॅटलॉग होता आणि कॅटलॉगात पिवळी विजार घातलेला, फुगा धरलेला हत्ती होता. भाऊंनी आपले फोटो पुढे केले. मॅडमनी ते चष्मा लावून आणि चष्मा काढून, असे दोन्ही प्रकारे पाहिले.

"पोरांनी वर काय बघायचं, हे? सोमवारी छताला चित्र लावणारा येतोय. तोवर हरणाचं तोंड दिसलं तर बोला, नाहीतर हत्ती."

मधे एकच रविवार होता.

त्या रविवारी बायको स्वतःहून म्हणाली, मी येते. तुमच्या तोंडावर लक्ष ठेवायला कुणीतरी पाहिजे. स्कूटरवर मागे बसली ती थर्मास घेऊन, आणि वाट बघता बघता उसवायला म्हणून मांडीवर बँडमास्तरांचा कोट घेऊन. बँडमास्तर रिटायर होऊन पोट सुटलेले गृहस्थ. कोट सैल करायला टाकला होता आणि बुधवारी न्यायला येणार होते. कोटाची बिगूल कोरलेली पितळी बटणं पॉलिश करायला काढलेली, ती तिच्या पिशवीत खुळखुळत होती. माळ येण्याआधीच तिनं ती रुमालात गुंडाळली. भाऊंना एवढं कधी सुचलं नव्हतं. ते किल्ल्या वाजवत जायचे.

झुडपाआड बसल्यावर तिनं दोऱ्याचा एक तुकडा हवेत धरला. दोरा त्यांच्याकडे उडाला. म्हणजे वारा हरणांच्या झाडीकडून येत होता, आपला वास तिकडे जाणार नाही. भाऊ खूष झाले. थोड्या वेळानं माळाच्या पलीकडच्या टोकाला, झाडीला लागून, कळप उतरला. सगळ्यांत पुढे म्हातारी मादी, जिला भाऊ हेडमास्तरीण म्हणायचे. बाकीची हरणं चरायची आणि ही बाई कान फिरवत पहारा द्यायची. तिनं एक खूर आपटला की वर्ग सुटला.

भाऊ कोपरांवर सरकू लागले. बायकोनं सदऱ्याची मागची बाजू धरली.

"कुठे निघालात?"

"अगं, इथून नखाएवढी दिसतील."

"दिसू देत. जवळ जाता म्हणून पळतात ती. आजवर जवळ जाऊन काय मिळालं, मोठ्या शेपट्या?"

भाऊंना राग आला, पण राग मोठ्यानं व्यक्त करायची सोय नव्हती. ते पुटपुटले की लांबून काढला तर मॅडम हसतील. ती म्हणाली, शेपट्यांना तरी कुठे रडल्या. ते जागच्या जागी आडवे झाले. तेवढ्यात तिला मुख्य गोष्ट आठवली.

"आणि तोंडाचं काय?"

आपण नाही बोलणार, असं भाऊंनी शपथेवर सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. शिंप्याच्या धंद्यात याला उपाय असतो. तोंडात टाचण्या असल्या की गिऱ्हाइकापुढे मनातलं बोलता येत नाही, म्हणून तर धंदा टिकतो. नवऱ्याच्या तोंडात टाचण्या देण्याचा धीर मात्र तिला होईना. तिनं रुमाल सोडून बँडमास्तरांचं एक बटण काढलं, पदराला पुसलं आणि त्यांच्या ओठांत ठेवलं. दातांत धरा आणि सोडू नका, एवढंच बजावलं.

ऊन वर आलं. दव चमकायला लागलं. हरणं हळूहळू पांगून चरत होती. कुणी मान खाली, कुणी अर्धं झुडपाआड, एक पाडस आईच्या पोटाखालून डोकावत होतं. आणि मग, काय झालं कोण जाणे, हेडमास्तरणीनं मान वर केली आणि तिचं पाहून सगळ्या कळपानं केली. सगळ्यांची तोंडं इकडे. भाऊंच्या घशाशी ती तीन वाक्यं आली, बटणावर आपटली, आणि तिथंच थांबली. त्यांनी कळ दाबली.

फोटो मिळाला हे कळताच त्यांनी आनंदानं मोठा श्वास घेतला. त्याबरोबर बटण आत गेलं.

पुढचा प्रकार हरणांनी आयुष्यात पाहिला नसेल. एक माणूस झुडपातून उठून खोकतो आहे आणि एक बाई त्याच्या पाठीत दणादण गुद्दे घालते आहे. हेडमास्तरणीनं शाळा सोडून दिली. भाऊंना श्वास नीट येतोय हे कळल्यावर बायको खाली बसली, आणि घाबरून आधी रडली की आधी हसली, यावर दोघांचं अजून एकमत नाही.

सोमवारी सकाळी एक्स-रेवाल्यांचाच एक्स-रे काढायची पाळी आली. त्यांच्या हाताखालच्या मुलीनं त्यांना गार टेबलावर झोपवलं, काचेआड गेली आणि मनापासून म्हणाली, "श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका." दाराबाहेर सगळ्या सिस्टर कान लावून उभ्या होत्या. भाऊंना हसू फुटलं आणि फोटो हलला. पुन्हा काढावा लागला. दुसऱ्या खेपेला पोटात बटण असं काही लख्ख आलं की त्यावरचा बिगूलसुद्धा ओळखू यावा. डॉक्टर म्हणाले, जाईल आपल्या वाटेनं, काळजी नको.

तोवर छतवाला शिडी लावून बसला होता. रविवारीच स्टुडिओतून मोठा करून आणलेला फोटो त्यानं तात्पुरता चिकटवला आणि मॅडमना बोलावलं. मॅडमनी मान वर केली. हिरवट माळ, धुकट झाडी, वर आभाळ. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"छान आहे. हरणं कुठे आहेत?"

भाऊंनी झाडूच्या दांड्यानं दाखवलं. इथं एक. तिथं, झाडाला लागून, एक. हा दगड नाही, हेही हरीणच. मॅडमनी मान खाली केली आणि छतवाल्याला हत्तीची गुंडाळी उघडायला सांगितली. भाऊंचा चेहरा इतका पडला की छतवाल्यानं गुंडाळीची गाठ सुटत नसल्यासारखं केलं.

एवढ्यात मनगट सुजलेली एक मुलगी आली. पेशंट आला की वाद बाजूला, हा नियम मॅडमचाच. मुलीला टेबलावर घेतलं. ती हात पोटाशी धरून आधीच हुंदके देत होती. भाऊंनी तिचा हात पाटावर ठेवला आणि म्हणाले, वर हरणं लपलीत, सापडतात का बघ.

मुलीनं वर पाहिलं. हुंदका अर्ध्यावर राहिला. डोळे झाडीतून फिरू लागले आणि हाताचा विसर पडला. मॅडम काचेआड भाऊंच्या शेजारी उभ्या होत्या. फोटो पहिल्याच दमात निघाला, स्वच्छ. आई घ्यायला आली तरी पोर उठेना.

"थांब ना, आईच्या पोटाखाली अजून एक आहे."

मॅडमनीही नकळत वर पाहिलं. त्यांना पाडस दिसलं नव्हतं. दिसल्यावर त्या छतवाल्याला म्हणाल्या की हे पक्कं करा, हत्ती व्हरांड्यात लावू, तिथं जागा आहे. भाऊंनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला आणि स्वतः काही तो प्यायले नाहीत, पोटात बटण फिरतंय असं वाटत राहिलं म्हणून.

बुधवारी बँडमास्तर कोट न्यायला आले. बायकोनं काहीही न लपवता सगळं सांगितलं आणि पुरावा म्हणून एक्स-रेची फिल्म खिडकीशी धरली. बँडमास्तरांनी ती नीट निरखली. बिगूल ओळखला, कौतुकही केलं. मग फिल्म परत देत अदबीनं म्हणाले, "फोटो उत्तम आलाय, वहिनी. बटण कधी देता?"

ते बटण ज्या वाटेनं जायचं त्या वाटेनं केव्हाच गेलं होतं, आणि ते शोधण्याचा विषय नवराबायकोत निघताच दोघांनी तो एकमतानं बंद केला होता. बिगुलाचं तसं बटण आता कुणी बनवत नाही. म्हणून हल्ली रविवारी भाऊ जुन्या बाजारात उकिडवे बसून बटणांचे डबे उपसताना दिसतात, आणि माळावर हेडमास्तरणीचा वर्ग निवांत चरतो. कोट अजून शिवणाच्या खोलीत खुंटीला आहे. तिसऱ्या बटणाच्या जागी टाचणी. बँडमास्तर दर आठवड्याला डोकावतात आणि नुसते कोटाकडे बघून श्वास रोखून उभे राहतात.