हिरवा दिवा आणि माझं 'आलो'

माझ्या 'आलो' या शब्दाला आमच्या घरात काडीची किंमत नाही. बायकोने जेवायला हाक मारली की मी लगेच 'आलो' म्हणतो, आणि तेव्हा बहुधा गच्चीवर वायर सोलत बसलेला असतो. ती शाळेत मराठी शिकवते. "बोलायचं भूतकाळात आणि यायचं भविष्यकाळात, हे व्याकरण फक्त तुमचं," असं तिचं म्हणणं.

ही खोड जुनी आहे. भूकंपाच्या पहाटे आई सगळ्यांना अंगणात काढून अंधारात एकेकाला हाक मारत होती. मी विसर्जनात नाचून आलेला, गाढ झोपेत. माझी पाळी आली तेव्हा पांघरुणातूनच 'आलो' म्हणालो. आईने मला मोजलं आणि ती पुढे गेली. बाहेर माणसं पूर्ण भरली, आत मी घोरतोय. फळीवरचा पिठाचा डबा पायावर पडला तेव्हा खरा आलो, पांढराफटक होऊन. त्या दिवसापासून आईने आवाजावर मोजणं सोडलं. डोक्यावर हात ठेवायचा, मगच पुढचा आकडा. लातुरात आमच्या गल्लीचं फार काही गेलं नाही. ज्यांचं सगळंच गेलं त्यांच्यासमोर ही गोष्ट मी आजही सांगत नाही.

पुढे लातूरभर क्लास उगवले, गल्लोगल्ली पोरापोरींच्या खोल्या झाल्या आणि मी एका मित्राच्या भागीदारीत त्यांना इंटरनेट पुरवू लागलो. मित्र गंजगोलाईच्या बाजारातल्या घड्याळवाल्यांच्या जुन्या घरातला, हाताने बारीक काम करणारा. मी तोंडाने. आमच्याकडे दोन यंत्रं होती. थोरल्या पेटीतून सगळ्या खोल्यांची लाइन जायची. ती दमली की बंद करून चालू करावी लागे. तेवढ्यापुरता भार धाकटी पेटी घ्यायची, पण ती जुनी, अर्ध्या तासात धापा टाकणारी.

एका दुपारी असंच केलं. लाइन थोरलीकडून धाकटीकडे गेली, कुणाला पत्ता नाही. मी मिशीवर हात फिरवला. मग थोरलीचा हिरवा दिवा लागला, लाइन आपोआप तिच्याकडे परतली, आणि सगळ्या गल्ल्यांचं इंटरनेट चार मिनिटं ठप्प. फोनवर फोन. मी म्हणालो, वीज गेलीय. पहिलंच पोरगं म्हणालं, "काका, पंखा चालू हाय की!"

रात्री जेवताना मी कुरकुरत होतो, "जाताना काही सांडत नाही. परत येतानाच कसं सांडतं? दिवा तर लागलेला असतो. आली ना ती?"

आई ताटातून मान वर न करता म्हणाली, "दिवा लागला म्हंजे 'आलो' म्हणली ती. आली कुठं? तुझ्यासारखीच हाय."

खरंच की! दिवा लागला म्हणजे पेटी फक्त जागी झालेली. कोणतं घर कुठल्या वाटेवर, ही तिची यादी अजून कोरी. धाकटी कायम जागी, म्हणून तिची भरलेली. आणि आम्ही तेवढ्यात सगळ्या गल्ल्या तिच्या गळ्यात घालत होतो! दुसऱ्या दिवशी दोघांनी बसून ती आपोआप परतायची सोय बंद केली. आता थोरलीने उठल्यावर आधी धाकटीकडून यादी उतरवून घ्यायची. दोघींचा आकडा जुळला की मगच आम्ही हाताने लाइन परत द्यायची. मित्राने त्याला नाव दिलं, 'अम्मी का हिसाब'.

परीक्षा लवकरच झाली, आमची आणि भाचीची. भाची मुखेडहून आमच्याकडे शिकायला आलेली. त्या रविवारी दहा ते एक तिचा ऑनलाइन पेपर होता. त्यावर क्लासच्या पहिल्या तुकडीत जागा मिळणार होती. लाइन तुटली तर तिथवरचाच पेपर जमा. आणि साडेदहाला थोरली पेटी अडखळायला लागली. एकपर्यंत तिने तग धरणं शक्य नव्हतं.

मी भाचीच्या बंद दाराबाहेर मोबाइल कानाला लावून उभा. मित्र तिकडे यंत्रांजवळ. लाइन धाकटीवर टाकली, थोरली बंद करून चालू केली.

"हिरवा लागला! देऊ का?"

"आकडा सांग."

"धाकटीवर चारशे बारा. थोरलीवर एकशे नव्वद. अबे, धाकटी तापून राहिली, देऊ का?"

"न्हाई!"

"तीनशे साठ. इंजिनेर साब, पोळी भाजता येईल हिच्यावर!"

"भाज. पण देऊ नको."

इतका ठाम मी आयुष्यात कधी नव्हतो. लग्नातसुद्धा नाही.

"चारशे अकरा."

आत भाची खुर्चीत हलल्याचा आवाज आला. तो उरलेला एक आमच्याच घरचा असणार, याची मला खात्री होती.

"चारशे बारा! पूरे!"

"दे."

मी डोळे मिटले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. फोन वाजला नाही. ज्या फोनच्या न वाजण्याचा मला एरवी संशय येतो, तो एक वाजेपर्यंत गप्प होता. चारशे बारा घरांतून एक शिवी नाही!

एक वाजता दार उघडून भाची आळस देत बाहेर आली. "मामा, तुम्ही दारात का उभे? पूर्ण सोडवला पेपर. लाइन मस्त होती आज, काहीच केलं नाहीत वाटतं?"

आयुष्यात मला मिळालेलं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र ते. पुढच्या आठवड्यात पहिल्या तुकडीच्या यादीत तिचं नाव लागलं. अभ्यास तिचा होता, पण मुखेडला बहिणीला फोन करून मी माझा वाटा तासभर सांगितला.

त्या रविवारी मात्र मी थेट यंत्राकडे धावलो, मित्राला मिठी मारायला. तेवढ्यात बायकोचा फोन. ताटं वाढतेय, या.

"आलो!" मी विजयी आवाजात म्हणालो.

फोनमधून मागचा आईचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "त्याचं ताट वाढू नको गं. त्याच्या डोक्याला माझा हात लागू दे आधी."