बायबलच्या देशातली खपली

कुठलाही दाणा दिसला की मावशी तो आधी दाताखाली धरायच्या. अमेरिकेतल्या आमच्या आयसेलिनच्या देशी दुकानात त्या पोत्यातला गहू चावून बघू लागल्या की दुकानदार तोंड फिरवून घ्यायचा. "चावल्याशिवाय कसं कळणार?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मावशी नगरकडच्या ख्रिस्ती, माझ्या शेजारीण. गुडघे कुरकुरायचे, म्हणून रविवारी त्यांना चर्चला मीच घेऊन जायचो. मी पडलो गणपतीवाला, तरी मागच्या बाकावर त्यांच्याजवळ बसायचो. त्यांची एकच इच्छा होती : प्रभुभोजनाची, म्हणजे वेदीवरून सगळ्यांना वाटतात ती, भाकर एकदा तरी आपल्या हातची व्हावी. चर्चची कमिटी दरवर्षी गोड हसून म्हणायची, "पॉटलकला आणा ना!" म्हणजे मावशींची भाकर तळघरातल्या जेवणात, आणि वेदीवर विकतच्या पांढऱ्या चकत्या. मला भारी राग यायचा.

एका वर्षी सुगीच्या रविवारच्या भाकरीसाठी पास्टरांनी बायबलच्या काळातला गहू मागवला. शनिवारी आम्ही जाऊन बघतो तर सगळी कमिटी पार्किंग लॉटमध्ये घामाघूम! गहू झोडपून झाला, चोळून झाला, पण फोलपट सुटेना. पास्टर हताश होऊन म्हणाले, "कॅन्सल करू या."

मावशींनी एक दाणा सोलून चावला आणि खुदकन हसल्या. "अरे, ही तर आपली खपली! झोडपून काय होतंय? हिला ओलवून कांडावं लागतं. चल, गाडी काढ."

त्यांच्या गराजमधून आम्ही उखळ आणलं. त्यांच्या मुलाने हौसेने ओंडका पोखरून केलेलं. मुसळ म्हणून त्याचीच जुनी बेसबॉलची बॅट. मावशी खुर्चीत बसून हुकूम सोडत होत्या आणि पास्टर कांडत होते. "हळू! दाणा फुटेल, यार!" बेकिंग ट्रेने पाखडल्यावर तांबूस दाणे उरले, तशा टाळ्या पडल्या. मग ते दळून मावशींनी भाकरी भाजल्या, आणि द्राक्षारसही त्यांनीच केला, नगरसारखा, मनुका उकळून.

रविवारी भाकरीचं ताट घेऊन मावशी स्वतः वेदीपर्यंत चालत गेल्या. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू? लोक रांगेने भाकर घेऊन गेले. एक अमेरिकन आजोबा मात्र पुन्हा रांगेत! मावशी तिथूनच मराठीत गरजल्या, "बसा खाली! प्रभुभोजन आहे, पंगत नाही!" आजोबा मुकाट बसले.

मावशींना जाऊन दोन वर्षं झाली. पण सुगीच्या आदल्या शनिवारी तुम्ही त्या चर्चवरून गेलात तर जरा थांबा. पार्किंग लॉटमध्ये खपली कांडण्याचा धपधप आवाज येत असतो. दुसऱ्या दिवशी ती भाकर वेदीवर जाते, आणि चर्चच्या पत्रकात तिचं नाव छापलेलं असतं : मावशी ब्रेड.