थोरल्या जावेची गोष्ट लिहिताना

बाय गेली त्या वर्षी माझ्या कथासंग्रहातल्या सगळ्या गोष्टी लिहून झाल्या होत्या, एक सोडून. बाय म्हणजे माझी थोरली जाऊ. सत्तरच्या दशकात मी लग्न होऊन आमच्या या बेटावरच्या तेर रूज गावात आले, तेव्हापासून आमची घरं एकाच अंगणात समोरासमोर, मध्ये पाण्याचा एक नळ. ती उजाडता उजाडता उसाच्या कामाला जायची, मी बसनं रोझ हिलच्या शाळेत शिकवायला.

संग्रह बायकांच्या आपसातल्या नात्यांवर होता. मायलेकी, सासू-सून, शेजारणी. जावांची गोष्ट मात्र मी मागे मागे ठेवत गेले. बाय आजारी पडली तेव्हा तिच्या खाटेशी बसून मी तिला झालेल्या गोष्टी वाचून दाखवत असे. माझ्या पुस्तकी मराठीत ती कुठे अडली, तर तेवढं इथल्या क्रिओल बोलीत सांगायचे. एका दुपारी तिनं मध्येच विचारलं, माझी गोष्ट कधी लिहिणार? मी म्हटलं, लिहीन.

"लिव. पण मला चांगली करू नको. पोरीला मी तुझ्याकडं येऊ देत नव्हते, ते पण लिव."

इतक्या वर्षांत आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नव्हतो. माझं पहिलं मूल पोटातच गेलं. तोपर्यंत बायची धाकटी मुलगी दिवसभर माझ्या मागे मागे असायची. त्यानंतर ती यायची थांबली. मला कोणी काही सांगितलं नाही. पण मी नळावर दिसले की बाय मुलीला हाक मारून आत घ्यायची. मूल गेलेल्या बाईची नजर पोराला लागते, असं आमच्याकडे मानत. त्या दिवसांत अंगण ओलांडायला मला फार वेळ लागायचा.

बाय गेल्यावर तेराव्यापर्यंत बायका येत राहिल्या. कोंबड्यांवरून तिच्याशी जन्मभर भांडलेली शेजारीणसुद्धा म्हणाली, तिच्यासारखी दुसरी होणार नाही. मी लिहायला बसले की माझाही हात तिकडेच वळायचा. एकदा मी ती बंदी गाळूनच टाकली. मग वाटलं, गाळायला नको, कारण द्यावं. म्हणून मुलीला गोवर आला होता, असं लिहिलं. वाचून पाहिलं आणि पान फाडलं. शेवटी घडलं तसं लिहिलं. त्याला बरेच महिने लागले.

छापायला देण्याआधी मी बायच्या त्या मुलीला बोलावलं. ती आता शर्ट शिवण्याच्या कारखान्यात कामाला होती. मराठी ऐकून कळायचं, वाचायला जड जायचं, म्हणून मीच वाचत होते. बंदीचा भाग आला तसं तिनं मला थांबवलं.

"काकी, हे काढ. लोक आईला काय म्हणतील?"

बाय काय म्हणाली होती ते मी तिला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. आई असं बोलणारच नाही, म्हणाली. मी म्हटलं, तुला नको असेल तर ही गोष्ट छापायची नाही. मी ते मनापासून म्हटलं होतं. बायला शब्द दिला होता खरा, पण आई हिची होती.

ती बराच वेळ पदराचं टोक चुरगाळत बसली. मग म्हणाली, "मला वाटायचं, तूच मला बोलवत नाहीस. तुझ्याकडं मी काही फोडलं असेल. काय फोडलं, तेच आठवत बसायचे."

मी हातातली पानं खाली ठेवली. तीच म्हणाली, पुढे वाच.

पुढे ती बंदी संपली ती सकाळ होती. बाय मुलीला घेऊन माझ्या दारात आली. एका हातात कंगवा, एका हातात तेलाची बाटली. मुलीला उंबऱ्याच्या आत ढकलून म्हणाली, हिची वेणी घाल, मला उशीर होतोय. आणि वळून न बघता गेली. खिडकीतून मला फाटक दिसत होतं. मजुरांची लॉरी अजून यायचीच होती. बाय आमच्याकडे पाठ करून, कोयता खांद्याला लावून उभी होती. मुलीची वेणी घालून झाली तरी बाय तिथेच होती.

"लॉरी आलीच नव्हती?" मुलीनं विचारलं.

"नव्हती."

तिनं डोळे पुसले. "राहू दे," ती म्हणाली. "सगळंच राहू दे."