सोमवारचा आवाज

थोलेन बेटावर नेलचा राग सगळ्यांच्या ओळखीचा होता. बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकलं की ही सुईण आधी नवऱ्याला बाहेर काढायची, मग सल्ले देणाऱ्या सासूला. पण तो राग दुधासारखा. उतू जायचा आणि खाली बसायचा. त्या वर्षी शेतातली बीटं निघायला लागली तेव्हा मात्र तिनं पोटात जो राग धरला होता, तो राखेखालच्या निखाऱ्यासारखा होता. आणि त्याचं कारण होतं तिची मोटरसायकल.

मोटरसायकल मूळची तिच्या नवऱ्याची, मारिनुसची. तो छातीच्या दुखण्यानं गेला आणि गाडी गोठ्यात पडून राहिली. नेल सायकलवरूनच फिरायची. मग एका हिवाळ्यात समोरून वारा असा सुटला, की पार बांधापलीकडच्या शेतावर पोचायला तिला उशीर झाला. तिथलं मूल निळं पडलेलं होतं. तिनं ते स्वतःच्या हातानं धुतलं, दुपट्यात गुंडाळलं, आईच्या कुशीत दिलं, आणि घरी येऊन गोठ्याचं दार उघडलं. विधवा बाई मोटरसायकलवर बसते म्हणून चर्चच्या पायऱ्यांवर कुजबूज झाली. पण ते मूल कुणी विसरलं नव्हतं, त्यामुळे कुजबूज कुजबूजच राहिली.

आता तीच गाडी ओरडायला लागली होती. खालून कुठूनतरी घूंऽऽ असा आवाज, मध्येच दाताखाली खडा आल्यासारखी कर्र.

"गिअरबॉक्स गेला, वहिनी," तिचा धाकटा दीर क्राइन म्हणाला. क्राइन चर्चच्या पंचांत होता आणि सुईणीची नेमणूक करणाऱ्या मंडळातही होता. "बायकांचा हात क्लचवर बसत नाही, त्याला तुम्ही तरी काय करणार?"

"बायकांचा हात कुठं कुठं बसतो ते तुम्हाला जन्माला घालणाऱ्या बाईला विचारायला हवं होतं, भाऊजी."

क्राइन हसला. त्याचं ते समजूतदार हसू नेलला शिवीपेक्षा लागायचं. आणि शनिवारी दुपारच्या बैठकीत हाच माणूस मांडणार होता, की गाडी विकून टाकावी, वहिनींना पुन्हा सायकल द्यावी, त्यातच त्यांचं भलं आहे.

भलं! नेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या रागातच तिनं आवाजाचा माग काढायला घेतलं. बाळाचे ठोके ऐकायला जसं आपलं मन आधी गप्प करावं लागतं, तसं तिनं ते केलं. बांधावरच्या सरळ रस्त्यावर वेग घेतला आणि क्लच दाबला. इंजिन मंदावलं, आवाज तसाच. म्हणजे इंजिन नव्हे. जोर दिला काय, सोडला काय, आवाज चाकाच्या वेगाबरोबर वाढायचा आणि चाकाबरोबरच उतरायचा. मग घरी येऊन गाडी स्टँडवर चढवली, मागचं चाक हातानं फिरवलं. चाक मुकाट फिरलं, जसं काही झालंच नाही.

"सोंग करतेस होय गं?" ती गाडीला म्हणाली.

आणखी एक गोष्ट होती, जी तिला स्वतःलाच वेडगळ वाटायची. सोमवारी गाडी ऊर बडवायची. बुधवारी कण्हायची. शुक्रवारपर्यंत जवळजवळ गप्प. पाववाला तर म्हणायचा, "नेलबाई, तुमची गाडी फार धर्मशील. रविवारची सुट्टी संपली की रडते."

उलगडा झाला तो कोबामुळे. कोबा बाळंतिणीच्या सेवेला राहणारी बाई, अंगानं भरभक्कम. सोमवारी तिला मागे बसवून नेल निघाली आणि गाडीनं असा टाहो फोडला की रस्त्याकडेच्या मेंढ्या पळाल्या.

"माझ्यामुळे झालं का गं?" कोबा ओशाळली.

"उतरू नकोस! हलूसुद्धा नकोस!" नेल एका पायावर गाडी तोलत खाली वाकली आणि चेनखाली बोट घातलं. चेन वाळत घातलेल्या ओल्या चादरीच्या दोरीसारखी ताठ. "आता उतर." कोबा उतरली, गाडीचं मागचं अंग वर आलं, आणि चेन जराशी सैलावली.

स्टँडवर नीटनेटकी दिसणारी चेन माणूस बसला की ताणली जात होती, आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेलं बेअरिंग खात होती. आठवडाभर धावून ती ताणून सैल व्हायची, म्हणून शुक्रवारी शांतता. मग सोमवारी पुन्हा ताठ कशी? नेलला विचार करावा लागला नाही. दर शनिवारी सगळं गाव पायऱ्या घासतं, खिडक्या पुसतं, अंगण झाडतं. आणि क्राइन भावाच्या विधवेचं अंगण आवरायला येतो. हातात पाना घेऊन.

त्या शनिवारी त्यानं चेन आवळून मान वर केली, तेव्हा नेल दारातच उभी होती.

"बसा, भाऊजी. गाडीवर."

"मी? कशाला?"

"बसा म्हणते ना!"

तो बसला. तिनं त्याचा हात धरून चेनखाली नेला. चेन तसूभर हलली नाही.

"दर सोमवारी ही गाडी मला शिव्या घालत होती, आणि तुम्ही मंडळाला सांगत होतात की दोष माझ्या हातात आहे. का आवळता ही चेन?"

क्राइनचे कान लाल झाले. "सैल लोंबणारी चेन... बरी दिसत नाही, वहिनी. रविवारी सगळी मंडळी तुमच्या दारावरून चर्चला जातात. मारिनुसची गाडी गबाळी दिसायला नको."

"दिसायला!" नेलचा आवाज फुटला. "ते बांधापलीकडचं लेकरू कसं दिसत होतं, बघितलंत तुम्ही?"

तिनं त्याच्या हातातला पाना काढून घेतला, त्याच्यासमोर चेन सैल केली आणि पाना एप्रनच्या खिशात टाकला. "बेअरिंग बदलावं लागेल. ते तुमच्या नावावर. आणि आज बैठकीत खरं काय ते सांगा."

दुपारनंतर कोबा धावत आली. "राहिली गं गाडी! क्राइननंच शब्द टाकला."

"काय म्हणाला?"

कोबा घुटमळली. "म्हणाला, गाडी ठीक आहे. वहिनी आता नीट चालवायला शिकल्यात."

नेलनं देवाचे आभार मानले, कारण गाडी राहिली होती. बाकीचं तिच्या गळी उतरेना. रात्रीची प्रार्थना तिनं अर्ध्यावर सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटली. तरी इतरांना क्षमा करण्याच्या ओळीशी जीभ अडलीच.

रविवारी तिनं गाडी मुद्दाम फाटकाशी उभी केली, चेनची बाजू रस्त्याकडे करून. काळ्या कपड्यांतली मंडळी एकेक करून पुढून गेली. क्राइन क्षणभर थबकला, त्याचा हात खिशाकडे गेला, आणि रिकामाच परत आला.

प्रवचन मध्यावर आलं, तशा नेहमीप्रमाणे बाकाबाकावरून पेपरमिंटच्या गोळ्या फिरू लागल्या. क्राइननं पुडी पुढे केली, तेच समजूतदार हसू घेऊन. नेलनं गोळी घेतली. ती चघळायची असते, हळूहळू, आवाज न करता, एवढं लहान मुलालाही कळतं.

नेलनं ती दाढेखाली धरली आणि फोडली.

शांत चर्चमध्ये कडाड वाजलं. माना वळल्या, पाळक थांबले. हा आवाज कुठून येतोय, हे मात्र कुणाला शोधावं लागलं नाही.